घरची मॉडचिप: पहिल्या प्लेस्टेशनला पिक, एटीटायनी की प्रो मिनी?

पहिल्या प्लेस्टेशनमध्ये घरी प्रोग्रॅम केलेली मॉडचिप, म्हणजे कॉपी केलेल्या आणि परक्या प्रदेशाच्या सीड्या चालू देणारी छोटी चिप, बसवायची तर आज तीन पर्याय हाताशी आहेत: पिक १२एफ५०८, एटीटायनी८५ आणि अर्डुइनो प्रो मिनी. तिन्हींचे सामान पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका फेरीत जमू शकते. निकाल आधीच सांगून टाकू. बहुतेक मशिनांना एटीटायनी८५ वर पीएसनी हे मुक्त फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम) टाकून बसवावे. मशीन पाल (युरोपीय) पीएसवन, म्हणजे नंतर आलेले छोटे मॉडेल, किंवा जपानी असेल तर प्रो मिनीकडे वळावे. पिकच्या वाटेला जायचे ते पिकचा प्रोग्रॅमर आधीच घरात असेल तरच. नुसत्या चिपसाठी तो विकत घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

चिप करते काय, हे नीट कळले की पुढची निम्मी भानगड आपोआप सुटते. प्लेस्टेशनच्या अस्सल सीडीत सुरुवातीच्या भागातला माग किंचित नागमोडी छापलेला असतो आणि त्या हेलकाव्यात चार अक्षरे दडलेली असतात: अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई, जपानसाठी एससीईआय. घरच्या रायटरला ती लिहिताच येत नाहीत, कारण कोऱ्या सीडीवरचा माग कारखान्यातच कोरून आलेला असतो आणि रायटर फक्त त्यावरून चालतो. चिप ही चार अक्षरे तारेवरून थेट सीडीच्या कंट्रोलरला ऐकवते. वेग सेकंदाला २५० बिट, म्हणजे एक बिट ४ मिलिसेकंदांचा. एका अक्षराला सुरुवातीचा १, माहितीचे ८ आणि शेवटचे २ मिळून ११ बिट; चार अक्षरांचे ४४ बिट, १७६ मिलिसेकंदांत संपतात. इतके संथ काम असल्यामुळेच आठ पायांची, शे-दीडशे रुपयांची चिप त्याला पुरते.

जुन्या काळी दुकानदार जी चिप बसवून द्यायचे, ती मशीन चालू असेपर्यंत अक्षरांचा जप करत राही. १९९९ च्या सुमारापासून काही गेम हेच तपासू लागले: जिथे अक्षरे येण्याचे कारणच नाही अशा जागी ती ऐकू आली, की गेम अडतो. पीएसनीचे मोठेपण इथे आहे. ते एसक्यूसीके आणि सबक्यू या दोन रेषांवरून सीडीचा सबचॅनेल (लेझर कुठे आहे ते सांगणारी जोडमाहिती) वाचते, लेझर खरोखर सुरुवातीच्या भागात आहे का ते पाहते आणि तेवढ्यापुरतेच बोलते. बाकी वेळ गप्प. बाजारात अजूनही मिळणाऱ्या काही तयार चिपांमध्ये जुनाच कोड असतो, त्यामुळे या एका मुद्द्यावर घरची चिप त्यांच्यापेक्षा सरस ठरते.

आता खरेदी. तापकीर गल्लीत गाडी घालण्याचा विचार करू नये. मंडई मेट्रो स्थानकावर उतरून चालत जावे. काउंटरवर पार्ट नंबर सांगावा, काम सांगू नये. ‘प्लेस्टेशनची चिप’ म्हटले की समोरचा माणूस हाती लागेल ते पुढे करतो, आणि दोष त्याचा नसतो. एटीटायनी८५ मागताना शेवटची अक्षरे पाहावीत: पीयू म्हणजे लांब पायांची डिप, एसयू म्हणजे चपटी एसओआयसी. (प्लेस्टेशनच्या बोर्डांच्या नावांतही पीयू येते, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) मोठ्या मशीनमध्ये डिप आरामात मावते, पीएसवनमध्ये जागा तंग असल्याने एसओआयसी बरी. नंबरात २० असो वा व्ही-१० असो, ८ मेगाहर्ट्झ आणि ३.५ व्होल्टला दोन्ही चालतात.

इथे एक फसगत नेहमी होते. नुसती चिप संपली असेल तर दुकानात डिजिस्पार्क नावाचा छोटा यूएसबी बोर्ड पुढे येतो. त्यावर एटीटायनी८५ असतेच, पण आत बूटलोडर (यूएसबीवरून प्रोग्रॅम चढवून घेणारा छोटा कोड) बसलेला असतो आणि वीज आल्यावर तो यूएसबीची वाट बघत काही सेकंद घालवतो. तेवढ्यात कन्सोलने सीडी तपासून नापास केलेली असते. डिजिस्पार्क घेतलाच तर बूटलोडर पुसून आयएसपीने, म्हणजे थेट चिपच्या पायांवरून, फर्मवेअर टाकावे, नाहीतर त्या वाटेला जाऊच नये.

भाव दुकानागणिक हलतात, पण अंदाज असा: एटीटायनी८५ शंभर ते दोनशेच्या दरम्यान, प्रो मिनीचा क्लोन दोनशे-तीनशे, प्रोग्रॅमर म्हणून वापरायला ऊनो या अर्डुइनो बोर्डाचा क्लोन पाचशेच्या आसपास. सोबत ३० गेजची रॅपिंग वायर, ०.५ मिलिमीटरची ६३/३७ सोल्डर, नो-क्लीन फ्लक्स, कॅप्टॉन (उष्णता सोसणारी) टेप, १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर, १० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक आणि १० किलोओमचा एक रेझिस्टर. फ्लक्समध्ये कंजुषी करू नये. पत्र्याच्या डबीतली जी स्वस्त पेस्ट मिळते ती आम्लयुक्त असू शकते, आणि पुण्याच्या पावसाळी हवेत तिचे अवशेष बारीक तारा हळूहळू खातात. आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटलीही त्याच फेरीत घ्यावी.

कन्सोलच शोधायचा असेल तर पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे. मात्र तिथे मिळालेले मशीन घरी आणल्या आणल्या प्लगला लावू नये. आधी उलटे करून तळाचे लेबल वाचावे. मॉडेल नंबरातला शेवटचा आकडा प्रदेश सांगतो: ० जपान, १ अमेरिका, २ युरोप, ३ आशिया. जपानी मशीन १०० व्होल्टचे, अमेरिकी १२० व्होल्टचे. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ते लावले की फ्यूज तरी जातो, नाहीतर पॉवर सप्लायचा बोर्डच. भारतात अशी मशिने पर्यटकांच्या सामानातून आणि चोरट्या मार्गाने भरपूर आली, त्यामुळे ‘इथे मिळाले म्हणजे २३० चेच असणार’ हे गृहीत धरू नये. त्यांना स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. पीएसवनच्या मशीनला ही काळजी नाही, फक्त तिच्या अडॅप्टरला आहे. तिचा अडॅप्टर बाहेर असतो आणि तिला ७.५ व्होल्ट, २ अँपियर डीसी लागते.

मॉडेलपेक्षा आतला बोर्ड महत्त्वाचा. साधारण जुळणी अशी: १००१ आणि १००२ ला बहुधा पीयू-८, ५५०० च्या मालिकेला पीयू-१८, ७००० ला पीयू-२०, ७५०० ला पीयू-२२, ९००० ला पीयू-२३ आणि पीएसवनला पीएम-४१. पण कारखान्याने मध्येच बोर्ड बदललेले आहेत, शिवाय जुन्या बाजारातल्या मशीनचे कवच एकाचे आणि पोट दुसऱ्याचे असू शकते. तेव्हा झाकण उघडून बोर्डवर छापलेले नाव वाचावे आणि त्याच नावाची आकृती उघडावी. ‘जवळपास सारखाच दिसतो’ म्हणून शेजारच्या बोर्डाची आकृती वापरणे, हे चिप न चालण्याचे एक नंबरचे कारण आहे.

बोर्डांत खरी फूट पीयू-२० आणि पीयू-२२ यांच्यामध्ये पडते. पीयू-२० पर्यंत अक्षरे पाठवताना गेट नावाची रेषा शून्यावर खेचून धरायची असते. पीयू-२२ पासून त्या जागी डब्ल्यूएफसीके हा ठोका असतो, सीडी एकपट वेगाने फिरत असताना सेकंदाला ७,३५० वेळा, आणि अक्षरे त्याच्या तालावर द्यावी लागतात. पीएसनी सुरुवातीला या रेषेवर ठोका आहे का ते मोजून पाहते आणि बोर्ड जुना की नवा ते स्वतःच ठरवते. जुन्या पिक कोडांत ही जाण सगळीकडे नाही. कुठला कोड कुठल्या बोर्डाला चालतो ते तपासत बसावे लागते.

पिकबद्दल थोडक्यातच. १२एफ५०८ मध्ये ५१२ शब्दांची फ्लॅश आहे, १९९० च्या दशकातल्या १२सी५०८ ची ही पुन्हा पुसता येणारी बहीण. मल्टिमोड ३ सारखे जुने, तावूनसुलाखून निघालेले कोड तिच्यावर चालतात. प्रोग्रॅमरच्या पाच तारा: १ ला पायाला वीज, ८ ला ग्राउंड, ७ ला डेटा, ६ ला क्लॉक आणि ४ थ्या पायाला व्हीपीपी, म्हणजे १२ ते १३ व्होल्ट. या शेवटच्या व्होल्टेजमुळेच नुसत्या ऊनोने काम भागत नाही. आणि एक जागा जपावी: मेमरीतला शेवटचा शब्द, हेक्समध्ये १एफएफ. आतल्या ४ मेगाहर्ट्झच्या घड्याळाचे कारखान्यात केलेले कॅलिब्रेशन तिथे असते. चिप वाचून तो आकडा कागदावर उतरवून घ्यावा, मगच पुसावी. तो गेला तर घड्याळ भरकटते, ४ मिलिसेकंदांचा बिट ४ चा राहत नाही आणि कन्सोल चिपला ओळख देत नाही. पिककिट २ च्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा पुन्हा मोजून लिहिण्याची सोय आहे. दुकानात १२एफ५०८ नसेल तर १२एफ६७५ किंवा १२एफ६२९ ‘सेमच आहे’ म्हणून दिली जाते. सेम नाही. पाय सारखे असले तरी आतला गाभा वेगळा, ५०८ ची हेक्स फाइल तिच्यावर चालणार नाही.

एटीटायनीचे प्रोग्रॅमिंग सोपे आहे, फक्त एक खोच आहे. ऊनोवर आधी ‘अर्डुइनो अ‍ॅज आयएसपी’ हे उदाहरण अपलोड करायचे. मग ऊनोची १० नंबरची पिन चिपच्या १ ल्या पायाला, ११ नंबरची ५ व्याला, १२ नंबरची ६ व्याला, १३ नंबरची ७ व्याला. ऊनोचे ५ व्होल्ट ८ व्या पायाला आणि ग्राउंड ४ थ्याला. ऊनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन टोक रीसेटला. तो नसेल तर अपलोड सुरू होताच ऊनो स्वतःच रीसेट होतो आणि पडद्यावर चिपची सही (ओळख क्रमांक) जुळत नसल्याची तक्रार येते. हा कपॅसिटर उदाहरण अपलोड झाल्यावर लावायचा, आधी नाही.

खोच फ्यूजची, म्हणजे घड्याळ वगैरे ठरवणाऱ्या चिपमधल्या सेटिंगची. कारखान्यातून आलेली एटीटायनी८५ आठाने भागलेल्या घड्याळावर, म्हणजे १ मेगाहर्ट्झवर चालते. लो फ्यूज हेक्स ६२. तो ई२ केला की ८ मेगाहर्ट्झ मिळतात. अर्डुइनोच्या प्रोग्रॅममध्ये एटीटायनी८५, आतले ८ मेगाहर्ट्झ घड्याळ असे निवडून ‘बर्न बूटलोडर’ दाबले की हेच होते. नाव बूटलोडरचे असले तरी या चिपसाठी तिथे फक्त फ्यूज लिहिले जातात. हे विसरले तर फर्मवेअर नीट चढते, पडताळणीही पास होते, पण चिप आठपट संथ बोलते आणि कन्सोलला काहीच समजत नाही. ‘सगळे बरोबर केले, तरी चालत नाही’ अशी तक्रार आली की पहिला संशय इथेच घ्यावा.

फ्यूजच्या यादीत बाहेरच्या क्रिस्टलचा पर्याय चुकून निवडला तर चिप पुन्हा ओळखच देत नाही. ती मेली असे समजून फेकू नये. बाहेरून घड्याळाचा ठोका दिला की परत बोलते. पण शंभर-दीडशेच्या चिपसाठी एवढा खटाटोप करायचा की दुसरी घ्यायची, ते ज्याचे त्याने ठरवावे. आमचे मत विचाराल तर सुरुवातीलाच दोन घ्याव्यात.

फर्मवेअरची कोणती रेषा चिपच्या कुठल्या पायावर येते, ते सोर्सच्या सुरुवातीला लिहिलेले असते आणि आवृत्तीगणिक बदललेले आहे. इंटरनेटवरच्या रंगीत चित्रापेक्षा हातातल्या आवृत्तीचा सोर्स खरा मानावा. कंपाईल करण्यापूर्वी त्यातच आपली चिप आणि मशीनचा प्रकार निवडायचा असतो.

प्रो मिनी कुणासाठी, हा प्रश्न उरतो. जपानी कन्सोल आणि १०२ नंबरची पाल पीएसवन यांत आणखी एक पहारेकरी आहे: चार अक्षरे पटल्यानंतरही बायोस (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) स्वतः सीडीवरचा प्रदेश तपासते. त्याच प्रदेशाची सीडी असेल तर अडचण नाही. परक्या प्रदेशाची असेल तर साधी चिप बसवूनही मशीन अडते. इथे बायोस रॉमच्या पत्त्याच्या आणि डेटाच्या रेषांवर लक्ष ठेवून, नेमक्या क्षणी एक बिट बदलावा लागतो. त्यासाठी अ‍ॅटमेगा चिप हवी; एटीटायनीला ना तेवढे पाय, ना फर्मवेअरमध्ये ती सोय. या कामात वेळेचे गणित मायक्रोसेकंदांत असते. म्हणून प्रो मिनीवर फर्मवेअर नेहमीच्या यूएसबी-सीरियलने न टाकता आयएसपीने टाकावे: बूटलोडर ठेवला तर सुरुवातीलाच उशीर होतो आणि बायोसची ती वेळ निघून जाते. ऊनोवरच्या १०, ११, १२, १३ याच पिना इथेही; १० नंबर रीसेटला, बाकी तीन त्याच नंबरांना.

प्रो मिनी घेताना ५ व्होल्ट १६ मेगाहर्ट्झ आणि ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झ हे दोन्ही बोर्ड दिसायला जुळे भाऊ असतात. कन्सोलमध्ये ३.५ व्होल्ट मिळतात. डेटाशीटप्रमाणे तेवढ्यात १६ मेगाहर्ट्झ बसत नाहीत, साधारण १३-१४ पर्यंतच हमी आहे. तरी १६ वर पुष्कळांची चिप वर्षानुवर्षे चालते, आणि बायोसच्या कामाला तो वेग उपयोगीच पडतो. हमी हवी असणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे. वीज व्हीसीसी पिनला द्यावी, रॉला नाही. रॉमधून गेली की रेग्युलेटर त्यातलेही थोडे खातो. बोर्डावरचा पॉवरचा एलईडी उपटून टाकला तरी चालते. रात्री कन्सोलच्या फटींतून लाल उजेड पाझरतो तो त्याचा.

बसवताना पहिली गोष्ट सुरक्षेची. मोठ्या मशीनमध्ये पॉवर सप्लाय आतच असतो. प्लग काढून थोडा वेळ थांबावे, आणि तरीही त्या बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरला हात लावू नये. तळाचे स्क्रू, झाकण, मग लेझरचा साचा उचलून त्याची रिबन सरळ ओढून काढायची, तिरकी नाही. त्याखालचा पत्रा काढला की बोर्ड बाहेर येतो.

एटीटायनीला सहा तारा: ३.५ व्होल्ट, ग्राउंड, एसक्यूसीके, सबक्यू, डेटा आणि गेट किंवा डब्ल्यूएफसीके. बायोसच्या कामासाठी प्रो मिनीला याहून निदान दोन जास्त. पॉवरच्या कनेक्टरवर ३.५ च्या शेजारी साडेसात-आठ व्होल्टचीही पिन असते, त्यामुळे तार लावण्याआधी झाकणाविना मशीन चालू करून मीटरने नेमकी पिन मोजून घ्यावी. चुकीच्या पिनला लावलेली चिप क्षणात जाते, आणि जाताना सीडीच्या कंट्रोलरलाही सोबत नेऊ शकते. चिपच्या वीज आणि ग्राउंडमध्ये १०४ कपॅसिटर अगदी पायाशी, आणि रीसेटला १० किलोओमने वीज.

सोल्डरिंगची इस्त्री ३३० ते ३५० अंश, टोक बारीक. आधी जागेवर फ्लक्स, मग टोकाला इवलासा सोल्डर घेऊन नुसते टेकवायचे. दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही. काही बिंदू म्हणजे बोर्डावरची नुसती भोके असतात, हिरव्या थराखाली झाकलेली. ब्लेडच्या टोकाने तो थर खरवडताना तांबे चमकले की थांबावे. तार आधी टिन करून (टोकाला सोल्डरचा थर देऊन), १ ते २ मिलिमीटरच उघडी ठेवून लावावी. लांबी आठ-दहा सेंटीमीटरांपलीकडे नेऊ नये आणि तारा लेझरच्या रिबनवरून न्यायच्या नाहीत. प्रत्येक जोडाला कॅप्टॉन टेपचा तुकडा: ओढ बसली तर टेपवर बसते, पॅड उखडत नाही. उखडलेला पॅड दुरुस्त होतो, पण त्यासाठी मायक्रोस्कोप आणि सराव लागतो.

झाकण लावण्याआधी मीटर बीपवर ठेवून ३.५ आणि ग्राउंड जुळलेले नाहीत ना, ते बघावे, शेजारशेजारच्या पायांमध्येही. मग सीडीविना चालू करून मेनू येतो का ते पाहायचे, नंतर अस्सल सीडी, आणि सर्वात शेवटी कॉपी. हा क्रम मोडू नये, कारण बिघाड कुठे आहे ते या क्रमावरूनच कळते. अस्सल सीडी आधी चालत होती आणि आता चालत नसेल, तर डेटा किंवा गेटच्या रेषेवर सोल्डरचा पूल झालेला असतो. अस्सल चालते पण कॉपी टाकली की मशीन मेनूत जाते किंवा प्लेस्टेशनची सीडी घाला म्हणते, तेव्हा अक्षरे पोचत नाहीत: फ्यूज, डेटाची तार, चुकीची आकृती, याच क्रमाने शोधावे. तीनदा लावले तर एकदा चालते, तेव्हा ग्राउंड कच्चा असतो किंवा सबक्यूचा जोड अर्धवट. लोगो येऊन पडदा काळा होतो आणि मशीन जपानी किंवा १०२ असते, तर तो बायोसचा पहारेकरी. चिप गरम लागली तर ताबडतोब बंद; ती उलटी बसली आहे. आणि कन्सोलमध्ये सोल्डर केलेल्या चिपवर ५ व्होल्टचा ऊनो कधीही जोडू नये, बाकी सगळा बोर्ड ३.५ चा आहे. फर्मवेअर बदलायचे तर निदान विजेची आणि डेटाच्या रेषांची तार सोडवूनच.

हे सगळे ठीक असूनही गेम मध्येच अडखळत असेल तर दोष चिपचा नसतो. चार अक्षरे पटली की चिपचे काम संपले. त्यानंतरचे वाचन लेझरचे. कोऱ्या सीडीची चकाकी छापील सीडीपेक्षा कमी असते, त्यामुळे थकलेला लेझर अस्सल सीडी कशीबशी वाचतो आणि कॉपीवर मान टाकतो. पहिल्या मॉडेलांत लेझरची गाडी प्लॅस्टिकच्या रुळावर घासत झिजायची. मशीन उलटे ठेवून खेळणारी मंडळी आठवत असतील, त्याचे कारण हेच. बोर्डावरचे छोटे पेच फिरवून लेझरचा जोर वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. चार दिवस चालते आणि मग लेझर कायमचा जातो. चांगल्या कंपनीची सीडी, ८ ते १६ पट वेग, एवढी पथ्ये आधी पाळावीत. काही युरोपीय गेमांत सबचॅनेलमध्ये मुद्दाम बिघाड केलेले असतात. ती कॉपी साध्या इमेजवरून लिहिली तर गेम सुरू होऊन पुढे कुठेतरी गोठतो, आणि त्यालाही चिप जबाबदार नाही.

पाल मशीनवर अमेरिकी किंवा जपानी गेम चालू झाला आणि चित्र कृष्णधवल आले, तर गेम शाबूत आहे. पाल मशीनचा क्रिस्टल ५३.२०३४२५ मेगाहर्ट्झचा, एनटीएससीचा (अमेरिकी-जपानी) ५३.६९३१७५ चा. रंगाची लहर त्याच्यातूनच भागून निघते, त्यामुळे ६० हर्ट्झच्या गेममध्ये ती टीव्हीला हवी त्या जागी पडत नाही. आरजीबी केबल वापरली की प्रश्नच मिटतो, कारण तिथे रंग वेगळ्या तारांनी येतात. साध्या पिवळ्या केबलनेच खेळायचे असेल तर दोन्ही क्रिस्टल देणारा छोटा ऑसिलेटर बोर्ड बसवावा लागतो. ते काम चिपपेक्षा किचकट आहे.

चिपला स्पर्धक आहेत, हेही नमूद करायला हवे. २०२१ पासून फ्रीपीएसएक्सबूट आणि टोनीहॅक्स यांनी मेमरी कार्डातल्या फाइलने तेच कुलूप उघडता येते. इस्त्री लागत नाही, फक्त कार्डावर फाइल चढवण्याचे साधन लागते. टोनीहॅक्स सीडीच्या कंट्रोलरमधल्याच छुप्या आज्ञा वापरते आणि जपानी मशीनमध्ये त्या नाहीत, तेव्हा त्या मशीनला त्याचा उपयोग नाही. अमेरिकी किंवा पाल मशीन असून सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल, तर चिपच्या आधी हे करून पाहावे. लेझरच गेला असेल तर चिपवर खर्च करण्यापेक्षा सीडीच्या जागी एसडी कार्ड वाचणारा बोर्ड बसवणे शहाणपणाचे, जरी खर्च कित्येक पट असला तरी.

कायद्याचीही एक ओळ. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आले. हक्क मोडण्याच्या हेतूने असे कुलूप तोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. स्वतःच्या ओरखडलेल्या सीडीची प्रत, परक्या प्रदेशात विकत घेतलेली अस्सल सीडी, किंवा हौशी मंडळींनी लिहिलेले मुक्त गेम, एवढ्यासाठी चिप बसवणे आणि गेमच्या कॉप्या विकत बसणे यांत फरक आहे, आणि तो आपला आपण जपायचा आहे.

सोल्डर स्वतः करायचे नसेल तर मायक्रोस्कोप असलेल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे काम देता येते. त्यांचा हात कन्सोल दुरुस्त करणाऱ्यापेक्षाही बारीक कामाला बसलेला असतो. पण त्यांना प्लेस्टेशन ठाऊक असेलच असे नाही. म्हणून चिप घरूनच प्रोग्रॅम करून न्यावी, पायांना तारा आधीच सोल्डर करून प्रत्येकीला नावाची चिठ्ठी लावावी, बोर्डाच्या नेमक्या नावाची आकृती छापून द्यावी आणि मशीन उघडलेल्या अवस्थेतच सोपवावे. एक अस्सल आणि एक कॉपी अशा दोन सीड्या, पॉवरची केबल आणि कंट्रोलर सोबत ठेवावा. पैसे द्यायचे ते त्यांच्याच टेबलावर दोन्ही सीड्या चालून दाखवल्यावर, आणि झाकणाचे स्क्रू घरी येऊन लावावेत.